अपरोक्षातला 'अ'

तिला घरात लवंगी म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. लवंगी मिरची दिसायला बोटाच्या पेराएवढी, पण चावली की माणूस 'पाणी, पाणी' करत सुटतो, तशी ही. मामा म्हणायचा, "हिच्याशी बोलायचं तर आधी डोळे पुसायला रुमाल घेऊन बसावं." पुढे ती कादंबऱ्या लिहायला लागली, तिसरीला मोठा पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला आणि त्याखाली छापलं, 'शांत, संयत शैलीची लेखिका'. मामाने तो पेपर घरभर नाचवला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. शांत म्हणे! अहो, त्या बाईने आयुष्यात एक ओळ जरी शांतपणे लिहिली असेल तर शपथ. ती चिडलेली होती म्हणून लिहीत होती. आणि चिडली होती एका शब्दावर.

शब्द कुठला ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शब्द आहे 'अपरोक्ष'. आपण सगळे तो कसा वापरतो? 'माझ्या अपरोक्ष त्याने घर विकलं.' म्हणजे मी नसताना विकलं, मला न विचारता, पाठीमागे. शाळामास्तर तसंच बोलतो, वकील तसंच बोलतो, भांडणारी जाऊ तर हमखास तसंच बोलते. आता शब्दकोश उघडा. तो म्हणतो, पाठीमागे म्हणजे 'परोक्ष'. अपरोक्ष म्हणजे नेमकं उलट, डोळ्यांसमोर. म्हणजे कोशाच्या हिशेबाने आपण पिढ्यान्‌पिढ्या उलटं बोलत आलो. आलो तर आलो. कुणाचं काही अडलं नाही. लवंगीच्या आईचं मात्र अडलं.

आई इस्पितळात आया होती. पुरुषांच्या वॉर्डात. चादरी बदलायच्या, भांडी द्यायची-घ्यायची, कुणाला कूस वळवून द्यायची, फिनेलने फरशी पुसायची. हात कायम त्या फिनेलच्या वासाचे. घरी येऊन कितीही धुतले तरी लवंगीला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांच्या हाताला हा वास असतो. कामाला आई वाघीण होती आणि तोंडाने नुसती टकळी. पेशंटांची नक्कल करायची, डॉक्टरांच्या चालीची नक्कल करायची, मामाबरोबर गप्पांना बसली की दोघं हसून लोळायची. हे मुद्दाम सांगतोय. ती बोलकी होती, हे लक्षात असू द्या.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजोबा होते. भ्रमिष्टासारखे उठायचे, म्हणून त्यांच्या खाटेचा लोखंडी कठडा कायम वर ठेवायचा हा नियम. एके दुपारी आई धुतलेल्या चादरी आणायला खाली गेली. तेवढ्यात धाकटा डॉक्टर तपासायला आला. हा मोठ्या डॉक्टरांचा जावई, नुकताच लागलेला. त्याने कठडा खाली केला, छाती तपासली, कठडा तसाच ठेवला आणि शीळ घालत निघून गेला. आई चादरींचा गठ्ठा घेऊन जिन्यात असतानाच वर धप्पकन आवाज झाला. दुसऱ्या दिवशी आजोबा गेले.

चौकशी बसली. तीन माणसं, लांब टेबल, पाण्याचे ग्लास. टेबलामागच्या तिघांपैकी एकजण भाषेचा मोठा जाणकार समजला जायचा. आईने जे खरं ते सांगितलं. "साहेब, कठडा माझ्या अपरोक्ष खाली केला."

त्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्या जाणकाराने चष्मा सारखा केला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या अपरोक्ष? नक्की?"

"हो साहेब. अपरोक्षच."

"पुन्हा एकदा विचारतो हं, बाई. अपरोक्षच ना?"

आता आपलं म्हणणं ऐकून घेतात म्हटल्यावर आईला धीर आला. माणूस भोळा असला की असंच होतं बघा, फासाची गाठ आपल्याच हाताने घट्ट करून देतो. ती म्हणाली, "अपरोक्षच साहेब, शपथेवर सांगते. लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. निकाल वाचून दाखवला तेव्हा त्यात होतं: 'सदर आया स्वतः कबूल करते की कठडा तिच्या अपरोक्ष, म्हणजे तिच्या डोळ्यांदेखत, खाली करण्यात आला. तरीही तिने तो पुन्हा वर केला नाही.' झालं. आयाची नोकरी गेली. जावईबापूंना साधं खरचटलंही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि 'ध'चा 'मा' केल्याचं आपण ऐकतो, इथे तर हरामखोरांना अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही!

लवंगी तेव्हा शाळेत होती. तिने बघितलं ते एवढंच, की आई घरी आली, कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, "माझीच जीभ वाईट."

त्या दिवसापासून घरातली टकळी बंद. आईने पुढे लोकांकडे धुण्याभांड्याची कामं धरली, पण मुकाट्याने. दुकानात जायची तर बोटाने दाखवायची, हे द्या, ते द्या. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. अगदीच बोलावं लागलं तर आधी लवंगीला बाजूला घेऊन कानात विचारायची, "असं म्हणतात ना गं? बरोबर आहे ना?" शाळेतल्या बाईंनी एकदा पालकांना बोलावलं. आई सगळा वेळ मान हलवत बसली. बाईंनी नंतर सगळ्या वर्गासमोर विचारलं, "काय गं, तुझी आई मुकी आहे का?"

"नाही," लवंगी म्हणाली. "तुमच्यासारख्यांशी बोलायचं तिने सोडलंय."

वर्गाबाहेर उभं राहावं लागलं. लवंगीला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. काही वर्षांनी एकदा भांडी घासता घासता आईने मान वर न करता विचारलं, "खरंच बघितला असेन का गं मी तो खाली केलेला कठडा? बघितला असेन आणि विसरले असेन?"

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? नोकरी घेतली ती घेतली. बोलणं घेतलं तेही घेतलं. पण बाईच्या डोक्यात शिरून तिची स्वतःची आठवणसुद्धा उचलून नेली की मेल्यांनी! लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा, आणि पुन्हा कधी खाली उतरली नाही. तिने तेव्हाच ठरवलं, की मरायच्या आधी आईच्या डोक्यातून हे काढायचं. कसं काढायचं, ते मात्र माहीत नव्हतं.

शिक्षण जेमतेम झालं आणि ती बसस्थानकावर लागली. कुठे? चौकशीच्या खिडकीत! ज्या घरात 'चौकशी' म्हटलं की आईच्या हातातून वाटी पडायची, त्या घरातली पोरगी रोज सकाळी डबा घेऊन चौकशीला जायची. मामा म्हणाला, "बरं झालं. आता निदान आपल्या घरचं माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसलं."

त्या खिडकीत तिचं खरं शिक्षण झालं. लोक काय वाट्टेल ते विचारत. "बाई, कालची गाडी उद्या आहे का?" "गेलेली गाडी कधी यायची?" एक म्हातारी गावाचं नावच उलटं घ्यायची, एकजण फलाटाला 'खलाट' म्हणायचा. लवंगीने कुणाला कधी टोकलं नाही. गेलेली गाडी म्हणजे रोज या वेळेला जाते ती, हे काय कळत नाही? कळतं. सांगायचं तीन नंबरला लागेल, संपलं. शेजारचा तिकीटवाला खिदळायला लागला, तर त्याच्यावर अशी डाफरायची की त्याचे सुटे पैसे जमिनीवर. "तुला कळलं ना त्यांना काय पाहिजे? मग दात कशाला काढतोस?"

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ती लिहायची. पहिली कादंबरी नातेवाइकांनी वाचली, तीही एकाच प्रतीवर सगळ्यांनी. दुसरीवर एका समीक्षकाने लिहिलं, 'लेखिकेकडे अनुभव आहे, परंतु भाषेवर संस्कार हवेत.' तो पेपर लवंगीने चार दिवस जपून ठेवला, केवळ पुन्हा पुन्हा चिडता यावं म्हणून. मग तिसरी लिहायला घेतली. नाव 'कठडा'. ते ऐकून आईचा चेहरा पांढरा पडला.

"नको गं. माझी चूक चारचौघांत कशाला?"

"तुझी चूक नाही ती, आई."

"तुला काय माहीत? शिकलेल्यांनी सांगितलं ते."

महिनोन्‌महिने हेच चाललं. शेवटी एक दिवस आई आपणहून तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "लिही," म्हणाली. "पण मी बोलले तेच लिही. उगाच मला शहाणी करू नकोस."

लवंगीने तसंच लिहिलं. शब्दाला शब्द. आणि गंमत बघा, संस्कार नसलेल्या त्याच भाषेतल्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला. तोवर आईच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू पिकला होता. लवंगी म्हणाली, ते पान तुला वाचून दाखवते. आई म्हणाली, "घरात नको. तिथं सगळ्यांसमोर झालं होतं. आता वाचायचं तर सगळ्यांसमोरच वाच." इतक्या वर्षांत आईने काही मागितलं ते एवढंच.

समारंभाच्या दुपारी मोठा हॉल, लाल पडदा, हारतुऱ्यांची टेबलं. पहिल्या रांगेत आई बसली, तिच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून मामा. स्टेजमागच्या खोलीत प्रकाशक लगबगीने आला आणि नवी कोरी प्रत लवंगीच्या हातात ठेवली. वर सोनेरी पट्टी: 'पुरस्कारप्राप्त, संशोधित आवृत्ती'.

"संशोधित म्हणजे?" लवंगीने विचारलं.

"अहो मॅडम, सरप्राइज आहे! अध्यक्ष सरांनी स्वतः नजरेखालून घातलीय. एक पैसा घेतला नाही."

अध्यक्ष सर म्हणजे भाषेचे मोठे अभ्यासक; चौकशीतला तो जाणकार नव्हे, पण जातकुळी तीच. लोक त्यांना पाठीमागे 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत, कारण लग्नाच्या पत्रिकेतल्या वेलांट्यासुद्धा ते पेनने दुरुस्त करून मगच अक्षता टाकायला जात. माणूस तसा प्रेमळ, सोफ्यावर चहा पीत बसले होते. लवंगीने ते पान उघडलं. ओळ होती: 'साहेब, कठडा माझ्या परोक्ष खाली केला.'

तिने दोनदा वाचली. मग म्हणाली, "यातला 'अ' कुठे गेला?"

"मी काढला," सर हसून म्हणाले. "आभार नकोत. फार सर्रास चूक आहे ती."

"सर, अख्खं पुस्तक त्या चुकीवर उभं आहे!"

"तेच तर म्हणतो," सरांनी कप खाली ठेवला. "तुमची आया चुकीचं बोलते, मग समितीला दोष कसा द्यायचा? आता बघा. ती शुद्ध बोलते, तरी समिती अन्याय करते. अन्याय कसा लख्ख दिसतो! मी तर तिला निर्दोष करून टाकलं."

लवंगीला वाटलं, तो चहाचा कप उचलावा आणि... जाऊ दे. "म्हणजे शुद्ध बोलली तरच ती निर्दोष?" ती म्हणाली. "अशुद्ध बोलली तर तिला घरी बसवलं ते योग्य?"

"तुम्ही उगाच भावनेच्या भरात..."

"मॅडम, मॅडम," प्रकाशक मधे पडला, "एका 'अ'ने काय आभाळ कोसळतं का?"

"कोसळलंय!" लवंगी ओरडली. "आमच्या घरावर कोसळलंय! जुनी प्रत आणा."

जुनी प्रत तिथे एकही नव्हती. बाहेर निवेदिका तिचं नाव पुकारत होती, टाळ्या सुरू झाल्या होत्या. लवंगी ती सोनेरी पट्टीवाली प्रत घेऊन स्टेजवर गेली ती दात-ओठ खात.

शाल झाली, मानचिन्ह झालं. सरांनी भाषणात 'संयत' हा शब्द तीनदा वापरला. मग लवंगी वाचायला उभी राहिली. वॉर्ड वाचला, फिनेलचा वास वाचला, जिन्यातला चादरींचा गठ्ठा वाचला. खाली आई मान जराशी पुढे काढून ऐकत होती, मोतीबिंदूचे डोळे आवाजाच्या दिशेला. टेबल आलं, पाण्याचे ग्लास आले, तीन माणसं आली. आणि ती ओळ आली.

लवंगीने ठरवलं होतं की छापलेलं असेना का काही, आपण आईचाच शब्द म्हणायचा. पण समोर 'परोक्ष' दिसलं, तेही छान काळ्या शाईत छापलेलं, आणि रागाने तिला पुढचं काही दिसेना. "साहेब, कठडा माझ्या..." एवढं म्हणून ती थांबली. पुढे आवाज फुटेना.

हॉलमध्ये खाकरण्याचे आवाज झाले. प्रकाशकाने बाजूच्या पडद्याआडून पाण्याचा ग्लास दाखवला.

आता खाली बसलेल्या त्या बाईला स्टेजवरचं काय माहीत? तिला एवढंच कळलं, की पोरगी अडली. शाळेत कविता म्हणताना पोर अडलं की आई काय करते? आईने खुर्चीचा हात धरला, उभी राहिली आणि तीस वर्षं जो शब्द तिने तोंडातून काढला नव्हता तो, पोरीला ऐकू जावा म्हणून, चांगला खणखणीत म्हणाली, "माझ्या अपरोक्ष! अपरोक्ष म्हण गं!"

सगळ्या माना वळल्या. आणि सर, सवयीने, अगदी प्रेमाने, माईककडे झुकले. "आजी, परोक्ष म्हणायचंय तुम्हाला. अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर."

हॉल हसला. वाईट नाही हसला, कौतुकानेच हसला, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसा. पण आईने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मामाने तिचा दंड धरला तरी तिला खाली बसायचंही सुचेना.

लवंगीने पुस्तक मिटलं.

"सर," ती माईकमधून म्हणाली, "माझ्या आईला काय म्हणायचं होतं?"

"हेच, की तिच्या पाठीमागे."

"ती तर अपरोक्ष म्हणाली."

"अहो, पण अर्थ उघड आहे," सर हसले. "सगळेच तसं म्हणतात."

"तुम्हाला लगेच कळलं?"

"अर्थातच."

"आणि तुम्हाला?" ती हॉलकडे वळली. "आत्ता हसलात ना सगळे? चूक कळली म्हणून हसलात. म्हणजे तिला काय म्हणायचं होतं ते कळलं होतं. कळल्याशिवाय हसता येतं का? एवढ्या मोठ्या हॉलमध्ये असा एक माणूस दाखवा, ज्याला वाटलं की ही बाई कठडा डोळ्यांनी बघितला म्हणतेय. एक! हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. सरांनी माईक हळूच बाजूला सरकवला.

"आई," लवंगी म्हणाली, "ऐकतेस ना? एकाचाही हात वर नाही. तू चुकीचा शब्द बोललीस तरी सगळ्यांना कळलं. गेलेली गाडी म्हटलं तरी मला कळतं तसं. त्या तिघांनी तुला पुन्हा पुन्हा का विचारलं? कळलं नव्हतं म्हणून?"

आई तशीच उभी होती. ओठांवरचे हात हळूहळू खाली आले. ती काहीतरी पुटपुटत होती, टेबल, ग्लास, तो गोड आवाज, 'पुन्हा एकदा विचारतो हं, बाई' हे सगळं परत पहिल्यापासून लावून बघत असावी. मामा म्हणाला, "ताई, बस गं आता." तिने त्याचा हात झटकला.

"म्हणजे," आई म्हणाली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते, "म्हणजे मेल्यांना तेव्हाही कळलं होतं!"

कुणी हसलं नाही.

"मी विचारत बसले, माझं कुठं चुकलं, माझं कुठं चुकलं. अरे, कळलं होतं तुम्हाला! तो जावई तुमचा म्हणून माझ्या तोंडात माझाच शब्द कोंबलात! मी नव्हते तिथं! मी चादरी आणायला गेले होते!"

निवेदिकेने घाईघाईने पुढचा कार्यक्रम पुकारायला तोंड उघडलं. आईने तिला बोटाने गप्प केलं. मामाने तिची खुर्ची पुढे सरकवून दिली होती, पण ती काही बसली नाही. इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलं होतं, आणि लवंगीने माईक स्टँडवरून काढून खाली तिच्या हातात दिला.